काठावरून मध्याकडे

हे वाचायला बसाल तेव्हा घाई नसू द्या. जवळ आलेख कागद आणि टोक केलेली पेन्सिल असेल तर उत्तम. नसेल तर कागद मनात पसरा, चालेल. कंपास मात्र पेटीतच राहू दे. कंपासाचं टोक जिथे टेकवायचं, ती जागाच आपल्याला शोधायची आहे.

तळहातावर एक खापर आहे असं समजा. लालसर, पातळ, चांगलं भाजलेलं, टिचकी मारली तर खणकन वाजणारं. बाहेरच्या अंगावर काळ्या रंगात ओढलेल्या तिरप्या रेघा. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झालं आणि त्या गावावरून अशा भांड्यांना जोर्वे मृद्भांडी म्हणू लागले. पुढे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी, इनामगावचं उत्खनन केलं. तिथेही हीच भांडी निघाली, बहुतेक सगळी फुटलेली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी नदीकाठी जव पिकवणाऱ्या माणसांची ही रोजच्या वापरातली भांडी.

तुमच्या हातातल्या खापराच्या तीन कडा वेड्यावाकड्या तुटलेल्या आहेत. चौथी गुळगुळीत आहे. ती तुटलेली नाही, तिथे कुंभारानेच हात थांबवला होता. तो भांड्याचा काठ. त्यावरून अंगठा फिरवा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग परत. वळण डोळ्यांना दिसतंच, पण अंगठ्याला ते जास्त नीट कळतं. थोडा वेळ तेवढंच करा.

या वळणाला आपल्याला एकच गोष्ट विचारायची आहे. भांडं पुरं होतं तेव्हा त्याचं तोंड केवढं होतं? एकाच्या हातात मावणारा वाडगा होता, की घरातलं धान्य ठेवायचं मोठं भांडं, हे बरंचसं या उत्तरावर ठरतं.

खापर उपडं करून काठ कागदावर टेकवा. ते डुगडुगेल. थोडं पुढे, थोडं मागे कलवून बघा. काठाखालून उजेडाची फट दिसते आहे तोवर ते नीट बसलेलं नाही. फट मिटली, की अख्खं भांडं उपडं ठेवलं असतं तर हा तुकडा जसा उभा राहिला असता, तसाच तो आता उभा आहे. खापरांची रेखाटनं करणारी माणसं या एका कामाला पुरेसा वेळ देतात आणि तो द्यायलाच हवा. इथे फट राहिली तर पुढचं गणित बिनचूक करूनही उत्तर चुकतं.

आता काठाच्या बाहेरच्या अंगाने पेन्सिल फिरवा. खापर उचलून बाजूला ठेवा. कागदावर एक कंस उरला आहे, कमानीसारखा वर फुगलेला. त्याच्याकडे बघत राहा.

केंद्र कुठे आहे?

खापरावर ते नव्हतं. भांडं अखंड होतं तेव्हाही ते मातीत नव्हतं. तोंडाच्या बरोबर मधोमध, पोकळीत होतं. तिथे हवा असेल, कधी जव असतील. तरी काठ पुरा त्याच्याच हुकमतीत आहे. कुंभार चाक फिरवतो आणि बोटं एका जागी स्थिर धरतो. चाक ज्या खुंटावर फिरतं त्या खुंटापासून बोटांचं अंतर तो बदलू देत नाही आणि माती फिरत फिरत त्या बोटांखालून जाते. काठावरचा एकेक बिंदू त्याच अंतरावर घडत जातो. हे अंतर म्हणजे त्रिज्या. आपल्याकडे खुंट नाही, चाक नाही. त्या अंतराने घडलेल्या मातीचा थोडा भाग आहे आणि तो पुरेसा ठरणार आहे.

श्वास संथ असू द्या. कागदावर आता दोन रेषा काढायच्या आहेत, एक आडवी, एक उभी. त्या कुठे काढायच्या हे कुणी ठरवून दिलेलं नाही. भांड्याला अक्ष नव्हते, इनामगावच्या जमिनीलाही नव्हते. अक्ष आपण आणतो आणि आपल्या सोयीने ठेवतो. कंसाचं डावं टोक घ्या आणि आरंभबिंदू तिथेच ठेवा. त्या टोकाला ‘अ’ म्हणा. त्याचे निर्देशक (०, ०).

कंसावर आणखी दोन बिंदू हवेत. ते अ पासून आणि एकमेकांपासून जमेल तितके लांब निवडा. याचं कारण पुढे येईल. एक बिंदू ‘ब’, आडवं अंतर ५ सेंटिमीटर, उंची १ सेंटिमीटर, म्हणजे (५, १). दुसरा कंसाच्या उजव्या टोकाला, ‘क’. तो आडवा ११ सेंटिमीटरवर आहे आणि आडव्या अक्षाच्या खाली ३ सेंटिमीटर उतरला आहे, म्हणून (११, −३). आकडे पूर्ण यावेत असे बिंदू मी मुद्दाम घेतले आहेत. खऱ्या खापरावर दशांश येतील, रीत हीच राहील.

तीनच बिंदू का, असं मनात आलं असेल तर तिथे थांबा. एका बिंदूतून कितीही वर्तुळं काढता येतात. दोन बिंदूंतूनही कितीही काढता येतात. लहान, मोठी, अवाढव्य, दोन्ही बिंदूंवरून जाणारी. ती सगळी डोळ्यांसमोर येऊ द्या, त्यांची केंद्रं एका सरळ रेषेवर ओळीने मांडलेली. आता तिसरा बिंदू ठेवा. त्या सगळ्या गर्दीतलं एकच वर्तुळ त्याच्यावरून जातं. तीन नैकरेषीय बिंदूंतून एक आणि एकच वर्तुळ जातं, हे वाक्य नववी-दहावीत आपण गुणांसाठी लिहिलेलं असतं. खापर समोर ठेवून ते पुन्हा वाचलं, की त्यातल्या ‘एकच’ या शब्दाचं मोल कळतं. ते नसतं तर या तुकड्याबद्दल काहीही ठामपणे बोलता आलं नसतं.

केंद्र ठाऊक नाही. ते ठाऊक असल्यासारखं त्याला नाव देऊ: ‘म’, निर्देशक (क्ष, य). १६३७ साली रने देकार्तने आपल्या भूमितीच्या ग्रंथात हाच मार्ग सांगितला होता. प्रश्न सुटला आहे असं धरा, माहीत आणि अमाहीत सगळ्या लांबींना नावं द्या आणि त्यांच्यातली नाती लिहीत जा. मला यातला धीटपणा फार आवडतो. जे सापडलेलं नाही त्याला पाहुण्यासारखं ताटकळत ठेवायचं नाही, पहिल्याच ओळीत त्याला जागा द्यायची.

म बद्दल आपल्याला एकच खात्री आहे. तो अ, ब आणि क या तिघांपासून सारख्याच अंतरावर आहे. अंतराचं सूत्र पायथागोरसच्या प्रमेयातून येतं. आडव्या फरकाचा वर्ग, उभ्या फरकाचा वर्ग, दोघांची बेरीज, आणि ती त्रिज्येच्या वर्गाएवढी. वर्गमूळ आत्ता नको, वर्गातच राहू.

अ पासून: क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग.

ब पासून: (क्ष − ५) चा वर्ग अधिक (य − १) चा वर्ग.

क पासून: (क्ष − ११) चा वर्ग अधिक (य + ३) चा वर्ग.

तिन्ही ओळी एकाच संख्येच्या बरोबर आहेत, त्रिज्येच्या वर्गाच्या. ती संख्या आपल्याला माहीत नाही. म्हणजे अनोळखी तिघे झाले: क्ष, य आणि त्रिज्या. आता पहिल्या दोन ओळी एकमेकींसमोर ठेवा. दोन्ही सारख्या असतील तर त्रिज्येचं नाव घ्यायचीही गरज नाही, ओळ बरोबर ओळ एवढं पुरे. जिला शोधायला निघालो तिला इथे आपण आपणहून बाजूला ठेवलं.

दुसऱ्या ओळीतले कंस सोडवा. क्षचा वर्ग निघतो, यचा वर्ग निघतो, आणि सोबत −१०क्ष, −२य आणि २६. पहिल्या ओळीतही क्षचा वर्ग आणि यचा वर्ग आहेतच. ते दोन्हीकडून जातात. उरतं काय?

५क्ष + य = १३.

पेन्सिल खाली ठेवा. वर्ग गेले. आपण वर्तुळाबद्दल बोलत होतो आणि हातात एक सरळ रेषा आली. बीजगणितात हे इतक्या चटकन होतं की मुलं पुढच्या पायरीवर धावतात आणि शिक्षकही त्यांना थांबवत नाहीत, पण सगळ्या रीतीत थांबून बघण्याची जागा हीच. ही रेषा कोणती आहे? अ आणि ब यांचा मध्यबिंदू घ्या, (२.५, ०.५). पाच गुणिले २.५ म्हणजे १२.५, त्यात ०.५, झाले १३. मध्यबिंदू रेषेवर आहे. आणि रेषेचा चढ बघितला तर ती अब या जीवेला काटकोनात छेदते. म्हणजे हा अब चा लंबदुभाजक. दोन बिंदूंतून जाणाऱ्या सगळ्या वर्तुळांची केंद्रं मघाशी ओळीने मांडलेली पाहिलीत, ती हीच रेषा. यूक्लिडच्या तिसऱ्या पुस्तकातलं पंचविसावं विधान हाच प्रश्न घेतं, वर्तुळाचा खंड दिला आहे, त्यावरून पूर्ण वर्तुळ काढा. तोही जीवेच्या मध्यावर लंब उभारून केंद्राकडे जातो. पट्टी आणि कंपास घेऊन गेलं तरी, वजाबाकी करत गेलं तरी, वाट याच रेषेवरून जाते.

अ आणि क यांच्या ओळी तशाच समोरासमोर ठेवा. वर्ग जातील आणि उरेल: ११क्ष − ३य = ६५.

दोन रेषा, दोघींवर असलेली एकच जागा. पहिलीतून य = १३ − ५क्ष, ते दुसरीत घाला. ११क्ष − ३९ + १५क्ष = ६५. म्हणजे २६क्ष = १०४, क्ष = ४. आणि य = १३ − २० = −७.

म (४, −७). कंसाच्या खाली, कोऱ्या कागदावर, जिथे पेन्सिलीचा एकही ठिपका पडलेला नव्हता, तिथे बोट ठेवा.

बाजूला ठेवलेल्या त्रिज्येला आता बोलवा. म पासून अ पर्यंत आडवे ४, उभे ७. सोळा अधिक एकोणपन्नास, पासष्ट. त्रिज्या म्हणजे ६५ चं वर्गमूळ. आठाचा वर्ग चौसष्ट, म्हणून ती आठाच्या जरा पुढे, ८.०६ सेंटिमीटर. भांड्याचं तोंड सोळा सेंटिमीटरांहून किंचित मोठं. एका माणसासमोर ठेवावा असा वाडगा.

लगेच पुढे जाऊ नका. ब पासून मोजा: आडवा १, उभे ८. एक अधिक चौसष्ट, पासष्ट. क पासून मोजा: आडवे ७, उभे ४. पुन्हा पासष्ट. हे जुळणारच होतं, तिघांना सारखं मानूनच आपण निघालो होतो. खरी परीक्षा चौथ्या बिंदूची आहे, कारण गणिताला तो माहीतच नाही. कंस जिथे आडवा अक्ष पुन्हा ओलांडतो तो बिंदू बघा, (८, ०). म पासून आडवे ४, उभे ७. पासष्ट. तो बिंदू आपण कुठेही वापरला नव्हता, तरी त्याने तीच साक्ष दिली. याचा अर्थ काठ चाकावर घडला होता.

नेहमी असं होईलच असं नाही. इनामगावला हाताने घडवलेली जाडीभरडी भांडीही सापडली आहेत. तशा काठावर चौथा बिंदू दोन-तीन मिलिमीटर बाहेर जातो, पाचवा आत येतो. मग एकच केंद्र असत नाही. तिथे तीनऐवजी दहा-बारा बिंदू घ्यायचे आणि ज्या जागेपासून त्यांची अंतरं एकमेकांशी कमीत कमी भांडतात ती जागा शोधायची. मला अशा काठांबद्दल विशेष माया वाटते. त्यांच्यात त्रिज्येबरोबर हातही मोजला जातो.

आता अक्षांकडे परत जा. आरंभबिंदू उचलून दुसरीकडे ठेवला असता तर? तीन सेंटिमीटर डावीकडे, किंवा कागदाच्या कोपऱ्यात? अ, ब, क, म, सगळ्यांचे आकडे बदलले असते. पण आडवे ४ आणि उभे ७ हे फरक तसेच राहिले असते, आणि ६५ ही. अक्ष तिरपे केले तर ४ आणि ७ ही बदलतील, ६५ तरीही बदलणार नाही. निर्देशक आपल्या बसण्याच्या जागेवर अवलंबून असतात. त्रिज्या भांड्याची आहे. हा फरक मनात नीट उतरू द्या. एकदा उतरला की अक्ष कुठेही ठेवण्याची भीती जाते.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत आहे. म पासून अ कडे जाताना डावीकडे ४, वर ७. म पासून क कडे जाताना उजवीकडे ७, वर ४. तेच दोन आकडे, जागा बदलून आलेले, आणि आडव्याची दिशा उलटलेली. दोन त्रिज्यांचे चढ गुणले तर −१ येतो, म्हणजे त्यांच्यात काटकोन आहे. पूर्ण फेऱ्यातला चौथा हिस्सा. तुमच्या हातात भाकरीच्या चतकोराएवढा काठ आहे. हे केंद्र सापडण्याआधी सांगता आलं नसतं. एका थरातल्या काठांचे असे हिस्से बेरजेला घेतले, की तिथे निदान किती भांडी वापरात होती याचा अंदाज बांधता येतो.

आता बिंदू लांब लांब का घ्यायचे, ते बघू. मनातलं खापर लहान होऊ द्या. काठ कमी, वळण कमी. दोन टोकं जोडणारी जीवा आणि तिच्या मध्यापासून कंसापर्यंतची उंची, जिला जुन्या गणितात शर म्हणत, एवढंच आता मोजता येतं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) हाच हिशेब एका छोट्या उदाहरणात आहे. वर्तुळाचा व्यास १०, जीवा ६, तर शर किती? आणि उलटून, जीवा व शर दिले तर व्यास किती? अर्ध्या जीवेचा वर्ग करा, शराने भागा, त्यात शर मिळवा. ९ भागिले १, अधिक १, व्यास १०. जीवा आणि शर यांचं हे नातं त्याच्या कितीतरी आधी आर्यभटीयातही आहे. आपल्या रीतीने करून बघायचं असेल तर बिंदू (०, ०), (३, १) आणि (६, ०) घ्या. केंद्र (३, −४) येईल, त्रिज्या ५.

आता शर मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली असं धरा. शर ०.९ आला तर व्यास १०.९, शर १.१ आला तर व्यास सुमारे ९.३. चूक आहे, पण वाडगा वाडगाच राहिला. मग जीवा तीच, ६ सेंटिमीटर, पण वळण चपटं, शर फक्त अर्धा सेंटिमीटर. व्यास १८.५. इथे तोच एक मिलिमीटर चुकवा. शर ०.६ तर व्यास १५.६, शर ०.४ तर व्यास २२.९. पेन्सिलीच्या रेघेचीच जाडी अर्धा मिलिमीटर असते, हे ध्यानात घ्या.

हे असं का होतं ते दोन रेषांत दिसतं. कंस चपटा होतो तसे तिन्ही बिंदू एका ओळीत यायला लागतात आणि लंबदुभाजक समांतर व्हायला लागतात. जवळजवळ समांतर रेषांपैकी एक केसभर वळवली की त्यांचा छेद कुठल्या कुठे सरकतो. आणि बिंदू अगदी एका ओळीत आले तर रेषा कधीच भेटत नाहीत. मग केंद्र नाही, वर्तुळही नाही. आपल्या पहिल्या खापरावर एक रेषा उजवीकडे जाताना खाली उतरत होती, दुसरी वर चढत होती, त्या एकमेकींना स्पष्ट छेदत होत्या. म्हणून ते उत्तर भरवशाचं होतं.

खापरावरून नजर उचला आणि तीच रीत जमिनीवर न्या. इनामगावच्या शेवटच्या कालखंडात, इ.स.पू. १००० ते ७०० च्या सुमारास, आधीच्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती खालावली, माणसं ओढगस्तीला आली, असा अर्थ उत्खनकांनी लावला. अशा झोपडीची भिंत केव्हाच गेलेली असते. उरतात काठाने रोवलेल्या खांबांचे खड्डे, मातीचा रंग बदलल्यामुळे ओळखू येणारे. उत्खननाच्या जागेवर खुंट्या ठोकून चौकटी आखलेल्याच असतात, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला आपोआप दोन आकडे मिळतात, एक आडवा, एक उभा. दूर दूरचे तीन खड्डे घ्या, त्याच दोन वजाबाक्या करा. सेंटिमीटरऐवजी मीटर, बाकी काही बदलत नाही. पुष्कळदा असं होतं की अर्धी झोपडी दोन चौकटींमधल्या न खणलेल्या बांधाखाली गेलेली असते. तरी केंद्र सापडतं, बांधाखाली किती आत आहे तेही सांगता येतं, आणि चौथा खांब कुठे असायला हवा हे खणण्याआधी दाखवता येतं. माझ्या मते शाळेत निर्देशक भूमितीचा धडा इथून सुरू व्हावा.

आता कागदाकडे या. पहिल्या खापराची नोंद करा: काठाचा व्यास १६ सेंमी, शिल्लक काठ पाव. दुसऱ्या, चपट्या खापरापुढे एक आकडा लिहू नका. व्यास १५ ते २३ सेंमीच्या दरम्यान, असं लिहा. ढिगात काही तुकडे असे निघतील की त्यांच्या काठावर अंगठाही पुरता टेकणार नाही. त्यांच्यापुढे ‘व्यास अनिश्चित’ एवढंच लिहून पुढचं खापर उचला, उपडं करा आणि उजेडाची फट बघा.